मास्तर घरीच आहेत

आमच्या घरी फोन वाजला की बहुतेक वेळा कोणीतरी गेलेलं असतं. हे मी कोणाला घाबरवायला सांगत नाही, आमच्या घराची रीतच तशी पडली आहे. भिंगारच्या आमच्या ख्रिस्ती कब्रस्तानाच्या फाटकावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'संपर्क : गिदोन मास्तर', आणि त्याखाली आमच्या घरचा नंबर. सव्वीस वर्षांपूर्वी कमिटीच्या सभेत सेक्रेटरी कोण होणार असा प्रश्न निघाला, तेव्हा मी नुसता चष्मा पुसत होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. शाळेतून निवृत्त होऊन मला दहा वर्षं झाली, पण या कामातून निवृत्त करायला कोणी तयार नाही. दर वर्षी मी राजीनामा मांडतो, दर वर्षी सगळे 'बघू' म्हणतात आणि चहा येतो.

काम तसं अवघड नाही, नुसतं न संपणारं आहे. फोन आला की नकाशात जागा बघायची, खड्ड्यासाठी गोरक्षनाथला सांगायचं, पेटीसाठी भागवत सुताराला गाठायचं, मग प्रार्थनेसाठी पाळक साहेबांची वेळ घ्यायची, चर्चची घंटा वाजवायला लावायची. आमच्याकडे माणूस गेला की दिवस मावळायच्या आत माती द्यायची पद्धत. त्यामुळे जे काही करायचं ते धावतपळत. सकाळी दात घासताना फोन आला तर चहा दुपारी मिळतो.

फोन मात्र बहुतेक वेळा एलिझाबेथच उचलायची. ती माझी बायको. चौतीस वर्षं नर्स होती, त्यामुळे झोपेतून उठून उभं राहायला तिला माझ्यासारखा वेळ लागत नाही. यंदा जानेवारीत तिची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रिंग वाजली की तिचा हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. उचलायच्या आधीच विचारायची, "कोण गेलं?" पलीकडून कोणी कर्ज हवंय का म्हणून विचारत असायचं, पण तोवर तिच्या कपाळावर घाम आलेला असायचा. डॉक्टरांनी सांगितलं, यांना दचकू द्यायचं नाही आणि दुपारची झोप मोडायची नाही. मी मान हलवली. फाटकावरचा नंबर डॉक्टरांनी पाहिलेला नव्हता.

आमची मुलगी एंजेला आणि जावई जस्टिन सुप्याला असतात, जस्टिन तिथल्या कारखान्यात आहे. त्यांनी यावर उपाय काढला. एप्रिलमधल्या एका रविवारी, उपासना आटोपून आम्ही जेवायला बसणार एवढ्यात जस्टिन एक खोकं घेऊन आला. कॉर्डलेस फोन, आणि त्याच्या पोटातच निरोप घेणारं मशीन. मोबाईलवर का नाही भागवत, असं लोक विचारतात. आमच्या घराच्या भिंती दगडी आहेत, मोबाईल घेऊन अंगणात उभं राहावं लागतं. आणि फाटकावर जो नंबर आहे तो आहे. लोकांनी तो गीतांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवलाय.

जस्टिनने जुना फोन काढला. त्याच्या जागी भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिला, बाकी भिंत किती मळली होती ते तेव्हा कळलं. नव्या फोनची वायर त्याने मॉडेमच्या मागे खोचली, अ‍ॅडाप्टर प्लगात घातला, पण प्लग सैल होता, तेव्हा घडी घातलेला पुठ्ठा मागे दाबला. हँडसेटमध्ये दोन छोटे सेल बसवले आणि तो बेसवर उभा करून ठेवला. सोळा तास चार्ज करायचा म्हणाला. तोवर हात लावायचा नाही. तो रविवार आम्ही त्या हिरव्या दिव्याकडे बघत काढला. जस्टिन मुक्कामालाच राहिला आणि सोमवारी कारखान्यात जायच्या आधी तारीख, वेळ भरायला बसला. सगळं इंग्रजीत होतं. मी दोनदा चुकीचं बटण दाबलं आणि दोनदा त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तो काही बोलला नाही. जावई माणूस, काय बोलणार.

शेवटी त्याने बेसची आणि हँडसेटची, दोन्हीकडची रिंग बंद केली. आता फोन आला तरी घरात आवाज होणार नव्हता. चार रिंग पलीकडच्याला ऐकू जाणार, मग माझा आवाज, मग 'टुंग', आणि मग त्याने निरोप सांगायचा. निरोप आला की लाल दिवा लुकलुकणार आणि शेजारी आकडा दिसणार. मी दिवसातून दोनदा, बारा वाजता आणि पाच वाजता, निरोप ऐकायचे असं ठरलं.

राहिला माझा आवाज. जस्टिन म्हणाला, पप्पा, 'सध्या मी घरी नाही' एवढं म्हणा, सगळे तेच म्हणतात. मी म्हटलं, सगळे म्हणत असतील, पण मी घरीच असणार. आतल्या खोलीत पाय पसरून पडलेला असणार. खोटं बोलल्याबद्दल मी पोरांना बाकावर उभं केलंय, आता या वयात मशीनमध्ये कायमचं खोटं भरून ठेवू? मग कामात आहे म्हणा, असं तो म्हणाला. मी कामातही नसणार होतो. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि कारखान्याची बस गाठायची म्हणून निघून गेला.

मी कागद घेतला, चार मसुदे केले आणि खरं तेवढंच ठेवलं. मग घसा खाकरून, शाळेत प्रार्थनेनंतर सूचना वाचायचो त्या आवाजात रेकॉर्ड केलं, "सलाम. मी गिदोन मास्तर. मी घरीच आहे. काय झालं ते शांतपणे सांगा. आपण सगळं करू."

पलंगावरून एलिझाबेथने ऐकलं. म्हणाली, अगदी तुम्हीच बोलताय असं वाटतं. मी ते कौतुक समजलो.

त्यानंतरचे दहा दिवस मी कशाशी बदलून देणार नाही. घरात कुकरची शिट्टी आणि पंख्याची कुरकुर, बास. एलिझाबेथ दुपारी दोन-दोन तास झोपायला लागली. एकदा तर तोंड उघडं टाकून घोरली, आणि ते ऐकत मी शेजारच्या खाटेवर लहान मुलासारखा खुश होऊन पडून राहिलो. खरं सांगायचं तर मीही झोपत होतो. सव्वीस वर्षांची झोप साठली होती अंगात. लोकांना सांगताना मी एलिझाबेथच्या तब्येतीचं कारण सांगायचो.

निरोप मात्र विचित्र यायचे. आमच्या लोकांची एक रीत आहे. वाईट बातमी कोणी दारातूनच फेकत नाही. आधी सलाम करायचा, मग वडीलधाऱ्याने उलट सलाम करायचा, मग तब्येत, मग घरच्यांची तब्येत, मग वडीलधाऱ्याने विचारायचं, आज कसा काय फोन केला? मग कुठे सांगायचं. तोवर समोरचा अदबीने थांबतो. मशीनला ही अदब कुठून ठाऊक असणार? आठ सेकंद कोणी बोललं नाही की ते फोन ठेवून देतं. त्यामुळे माझ्याकडे नुसते सलाम साठायला लागले. "सलाम मास्तर." मग शांतता, मग खट. "सलाम मास्तर, बाई कशा आहेत?" मग शांतता, मग खट. मी नंबर बघून उलट फोन करायचो, तर कोणाला दाखला हवा असायचा, कोणाच्या आजोबांचा क्रूस वाऱ्याने कलला असायचा. एलिझाबेथ म्हणाली, अहो, त्यात हे मशीन आहे म्हणून सांगा ना, लोक तुमची वाट बघत थांबतात. मी म्हटलं, करतो. टुंग वाजते, त्यावरून कळतंच की, असंही म्हटलं. मग झोपलो.

मेमधला गुरुवार होता. बारा वाजता पाहिलं तर लाल दिव्याशेजारी तीनचा आकडा. बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन. पानं वाढलेली होती. तीन सलाम असतील, पाचला ऐकू, असा विचार केला. जेवलो. ताक जरा जास्तच घेतलं. पाच वाजता उठून, चहाचं आधण ठेवून बटण दाबलं.

सकाळी साडेनऊचा पहिला. "सलाम मास्तर. मी रतनबाई. बरं हाय का? बाईस्नी बरं वाटतंय का आता?" मग ती थांबलेली ऐकू येत होती. मागे कोणी तरी रडत होतं. खट.

पाच मिनिटांनी दुसरा. "मास्तर, लाइन तुटली जनू. मी रतनबाई. यांचं सकाळच्याला..." पुढचं तिला बोलवलं नाही. मग म्हणाली, "मास्तर? जेवायला बसलाय व्हय? बसा, बसा. मी थांबते." ती थांबली, आणि मशीनने आठ सेकंद मोजले.

तिसरा दहाला होता. "मास्तर, तुमी म्हनला न्हवं, आपन सगळं करू म्हून. मंग मी आता कुनालाच सांगत न्हाई. वाट बघते."

मी आधण बंद केलं. एलिझाबेथ मागे येऊन उभी होती आणि तिने या वेळी कोण गेलं हे विचारलं नाही. दोघांनाही समजलं होतं. शांतवन गेला होता.

शांतवन म्हणजे रतनबाईचा नवरा. गोरक्षनाथच्या आधी अठरा वर्षं आमच्या कब्रस्तानात खड्डे त्यानेच खणले. माझे आई-वडील त्याच्याच हातच्या खड्ड्यांत आहेत. खड्ड्याची लांबी फावड्याच्या दांड्याने मापायचा आणि वर हातभर जास्त ठेवायचा. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाला होता, "मानूस अवघडाया नको, मास्तर." माती दिल्यावर लोक निघून जायचे आणि आम्ही दोघं कुंपणाच्या भिंतीवर बसून रतनबाईने आणलेला चहा प्यायचो. मुरमाड जमीन आहे आमची, खड्डा खणायला दोन माणसं आणि चार तास लागतात. आता सव्वापाच झाले होते. त्या दिवशी त्याला माती देणं शक्य नव्हतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

रिक्षा केली. एलिझाबेथला नको म्हटलं, ती आधीच चपला घालून बसली होती. रतनबाईची वस्ती भिंगारच्या पलीकडे, दोन किलोमीटरवर. दारात पत्र्याच्या सावलीला पंधरा-वीस माणसं बसली होती. आम्ही उतरलो तेव्हा कोणी उठलं नाही. शांतवनच्या पुतण्यांपैकी एकाने सांगितलं, सकाळपासून आम्ही म्हणतोय गोरक्षनाथकडे जातो, पाळक साहेबांकडे जातो, पण काकू जाऊ देईना. म्हणते, मास्तरांशी बोलणं झालंय, ते घरीच आहेत, त्यांना डावलून जायचं नाही.

रतनबाई आत शांतवनच्या उशाशी बसली होती. मोबाईल तिच्या मांडीवर होता. मला पाहून तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आला का, मास्तर." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी तिला मशीन समजावून सांगितलं. उभ्या उभ्या, फळ्यापुढे उभं राहावं तसं. रिंग बंद असते, चार वेळा वाजल्यावर ते आपोआप उचलतं, आवाज आधीच भरून ठेवलेला असतो, मग टुंग वाजते, गप्प राहिलं की ते बंद होतं. म्हणजे रतनबाई, तुम्ही बोललात तेव्हा तो मी नव्हतोच. सगळी खोली ऐकत होती. शांतवनही तिथेच होता.

रतनबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पन आवाज तुमचाच हुता."

एलिझाबेथने मला बाजूला केलं आणि पदर खोचला. तिने पुतण्याला बर्फाच्या लाद्या आणायला बाजारात पिटाळलं, बायांना पाणी तापवायला सांगितलं, खिडकी उघडली, शांतवनची हनुवटी बांधली. मी अंगणात उभा राहून फोन करत राहिलो, गोरक्षनाथला, भागवतला, पाळक साहेबांना. सकाळी सातची वेळ ठरली. अंधार पडल्यावर पुतण्याने आम्हाला रिक्षात बसवून दिलं. वाटेत एलिझाबेथचा हात छातीवर नव्हता, मांडीवर होता. मीच दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत होतो. घर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ती रिंग चालू करा. सारखं त्या लाल दिव्याकडे बघायला लागतं, त्यापेक्षा दचकलेलं बरं."

सकाळी गोरक्षनाथने खड्डा तयार ठेवला होता. मी कडेला उभा राहून पाहिलं. हातभर जास्त होता. त्याला कोणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती. शांतवनला माती दिली. लोक रतनबाईला भेटून माझ्या बाजूने न जाता फाटकाकडे गेले. त्या दिवशी भिंतीवर बसायलाही कोणी नव्हतं आणि चहाही नव्हता. मला वाटलं, आता तरी कमिटी मला काढून टाकेल. पुढच्या रविवारी सभा झाली. सगळ्यांनी नाराजी व्यक्त केली आणि सेक्रेटरी मलाच ठेवलं.

मी मशीन बंद केलं. भरून ठेवलेला आवाज पुसायला जस्टिनला बोलावलं नाही, पुस्तिका वाचून स्वतः पुसला. बेसची रिंग बंदच ठेवली आणि हँडसेटची बारीक आवाजात सुरू केली. एलिझाबेथ आतल्या खोलीत दार लोटून झोपते, मी बाहेर आरामखुर्चीत हँडसेट सदऱ्याच्या खिशात ठेवून पडतो. झोप लागत नाही, नुसतं पडायचं. हा फोन खिशात घालून न्हाणीघरापर्यंत जाता येतं, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मला मशीन हवं होतं, कारण मला झोपायचं होतं.

पण बोभाटा झालाच होता. मास्तर मशीनमधून बोलतात. मी खिशातून फोन काढून "सलाम, मी गिदोन मास्तर" म्हणायचो आणि पलीकडे माणूस गप्प. टुंग वाजायची वाट बघत. मी आहे, बोला, असं दोन-दोनदा सांगावं लागायचं. काही जण घाईघाईत, श्वास न घेता सगळं सांगून फोन ठेवून द्यायचे. सलाम नाही, तब्येत नाही, 'आमची आत्या गेली, उद्या दहाला' एवढंच. सव्वीस वर्षांत जे मला कंटाळवाणं वाटायचं, ते सगळं त्यांनी एका आठवड्यात काढून टाकलं.

शांतवनला जाऊन नऊ दिवस झाले, तेव्हा दुपारी खिशात फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"सलाम. मी गिदोन मास्तर. मी आहे, बोला."

पलीकडे कोणी बोललं नाही. मी ओळखलं. तिच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

"रतनबाई, मीच आहे. शांतपणे सांगा, काय ते."

तोंडातून गेलं आणि मला कळलं की हे शब्द तिने आधी ऐकलेले आहेत. ती बराच वेळ थांबली. मशीन असतं तर एव्हाना फोन कधीच तुटला असता.

"क्रूसावर नाव घालायचं हुतं यांचं, त्यासाठी केला," ती म्हणाली. "पन हे तुमी हाय का तुमचं यंत्र हाय?"

"मी आहे, रतनबाई."

"त्ये बी असंच म्हनायचं. काय तरी येगळं बोला, मास्तर."

मी हँडसेट कानाला लावून आरामखुर्चीत उठून बसलो. चाळीस वर्षं वर्गात बोललो, सव्वीस वर्षं कबरींच्या कडेला उभा राहून बोललो, आणि आता एक वाक्य सुचेना. त्या दिवशी तिच्या घरी मी तिला टुंग समजावून सांगितली होती, आठ सेकंद समजावून सांगितले होते. एकच गोष्ट सांगितली नव्हती.

"रतनबाई," मी म्हटलं, "माझं चुकलं. मला बाराला दिवा दिसला होता. मी जेवलो आणि झोपलो. शांतवनला दिवसभर ठेवलं मी तसंच." माझा आवाज सूचना वाचायचा राहिला नव्हता. "मला माफ करा."

कोंबड्या ओरडत राहिल्या. मग रतनबाईने नाक ओढलं.

"सलाम, मास्तर," ती म्हणाली. "बाई कशा हायेत?"